टिटवीच्या अंड्याची गाठ

सांगा बरं पोरांनो, विश्वास कोणावर ठेवायचा? 'माझ्या हातून कधी काही चुकलंच नाही' म्हणतो त्याच्यावर? लगेच माना डोलवू नका. आधी गोष्ट ऐका.

एकदा काय झालं, समुद्राला लागून एक मोठं वाळवंट होतं. एकीकडे लाटा, दुसरीकडे वाळूच्या टेकड्या. खाडीत हजारो रोहित पक्षी, जणू कुणी गुलाबी लुगडी वाळत घातलीत! तिथल्या राजानं ती सगळी जमीन जनावरांना देऊन टाकली होती. भोवती काटेरी कुंपण, एकच दार, आणि दारावर म्हातारा वेलाबापा. आत जाणाऱ्याला तो एक दोरा द्यायचा. आत काही घेतलं, की दोऱ्याला गाठ मारायची. भरपाई केली, की सोडायची. गाठ राहिली, तर बाहेर पडायचं नाही. असा रिवाज होता, बरं का.

जवळच्या गावात जेठी नावाची उंटवाली राहायची. त्या वर्षी वादळात समुद्र गावात शिरला आणि विहीर खारट झाली. जेठीची लहानगी मोंघी तहानेनं रडायची, तर डोळ्यांत पाणीसुद्धा येईना. मग जेठीनं भुरी सांडणीवर रिकाम्या पखाली टाकल्या. म्हणाली, "त्या वाळवंटात हरणं जगतात, म्हणजे गोडं पाणी आहेच. ते घेतल्याशिवाय मी परत येत नाही."

आत गेली. भूक लागली. मग पिलूच्या झुडपाची मूठभर फळं खाल्ली, गाठ मारली. बिया वाळूत पुरल्या, गाठ सोडली. पुढं बाभळीच्या सावलीत बसली, तशी तिथली चिंकारा हरणं उन्हात पळाली. पुन्हा गाठ. मग जेठी उठून भुरीच्या सावलीत बसली. हरणं परतली, गाठ सुटली.

तिसऱ्यांदा मात्र घात झाला. भुरीचा पाय पडला टिटवीच्या घरट्यावर. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर चार खडे आणि चार अंडी. एक फुटलं. टिटवी ओरडत उडून गेली.

टेकडीवरून कोल्हा बघत होता. "जेठीताई, कुणी पाहिलंय? दोरा कोरा ठेव. आणि चल, ते समोर चकाकतंय ना, तेच पाणी!"

"तू पितोस ते?"

"मला कशाला लागतंय? उंदीर खाल्ला की माझी तहान भागते."

"स्वतः न चाखलेला माल मला विकतोस होय रे, लबाडा?" असं म्हणून जेठीनं त्या मृगजळाकडे पाठ फिरवली आणि करकचून गाठ मारली.

उरलेली तीन अंडी उन्हात भाजत होती. जेठीनं भुरीला दूर बसवलं आणि अंड्यांवर ओढणीची सावली धरून उभी राहिली. जीभ टाळूला चिकटली, पण हलली नाही. कितीतरी वेळानं टिटवी आली, पोटाची पिसं भिजवून, अंडी गार करायला! टिटव्या असं करतात, बरं का. तिनं अंग झाडलं आणि एक थेंब जेठीच्या हातावर पडला. जेठीनं चाटून पाहिला. गोड!

मग टिटवीचा नर येऊन अंड्यांवर बसला. टिटवी पुन्हा भिजायला उडाली आणि जेठी भुरीला घेऊन तिच्या मागं. एका टेकडीआड रानगाढवांनी खुरांनी खड्डा उकरला होता. त्यात थंडगार पाणी! जेठी प्याली, भुरीला पाजलं, पखाली भरल्या.

दारावर वेलाबापानं दोरा पाहिला. "गाठ आहे की गं!"

"आहे, बापा. तीन अंडी राखली. चौथं गेलं, ते काही परत देता येत नाही. मला ठेव इथंच. पण भुरीला पाणी घेऊन जाऊ दे. तिला घरची वाट ठाऊक आहे."

म्हातारा हसला. "चाळीस वर्षं झाली मला या दारावर. जो तो कोरा दोरा आणतो. एवढं चालून कुणाच्या पायाखाली काहीच आलं नाही? माझा एकावरही विश्वास बसला नाही, पोरी. आज बसला. जा, आणि पाणी न्यायला रोज येत जा."

गाव पोटभर पाणी प्यालं. मोंघी तर उचकी लागेपर्यंत प्याली. पुढं विहीर गोडी होईपर्यंत जेठी रोज जायची, पण टिटव्यांची जागा टाळून, लांबच्या वाटेनं. तो गाठीचा दोरा तिनं मनगटाला बांधून ठेवला. टिटवीची तीन पिल्लं उडायला लागली, आणि सगळे सुखात राहिले.

चला, मिटा डोळे. आज कुणाकडून काय घेतलं, कुणाला काय परत दिलं, ते मनातल्या मनात बघा. हिशेब खरा ठेवा, बाळांनो. एखादी गाठ राहिली तर राहू दे, पण लपवू नका.