बरोबर आहे, जावा घरी

त्या रविवारी ऊन असं पडलं होतं की कुत्रीसुद्धा गटाराची सावली सोडायला तयार नव्हती. गरम वारं सुटलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी केरबा माळ्याच्या राजश्रीला अण्णासाहेब मगदुमांचं मंगल कार्यालय भरून दाखवायचं होतं.

म्हणजे झालं असं. आमच्या गावात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरापोरींचा एक गट आहे. अण्णासाहेबांच्या तेलघाण्यावर माडीची खोली आहे, तिथं ही मंडळी जमतात आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना फुकट शिकवतात. गटाची सहल, स्नेहसंमेलन, वर्गणी, सगळं राजश्री बघते. ती वर्गणी मागायला गेली, तर अण्णासाहेब म्हणाले, "वर्गणीचं राहू दे. माडी भाड्यानं द्यायचीय मला. रिकामी करा."

"अण्णा, मग मुलं शिकणार कुठं?"

अट घातल्याशिवाय अण्णासाहेब कुणाला चहासुद्धा पाजत नाहीत. सुपारी कातरत ते म्हणाले, "तुझी ती मंडळी दिवसभर संगणकाच्या डब्यात तोंड खुपसून बसतात. शेजारी आग लागली तरी मान वर करायची नाहीत. येत्या रविवारी दिवस मावळायच्या आत माझ्या कार्यालयातली एकूण एक खुर्ची भरून दाखव. माडी कायमची तुमची, आणि जमेल तेवढ्या वर्गणीत तेवढीच माझी भर. पण कुणाला बोलवायचं नाही. तोंडानं नाही, फोनवर नाही, कागदावर नाही. जेवण नाही, गाणं-बजावणं नाही. आणि कुणापुढं हात पसरायचा नाही."

"न बोलावता आले तर?"

"न बोलावता कोण येतंय गं?" अण्णासाहेब मिशीत हसले.

तर रविवारी राजश्रीनं एवढंच केलं. कार्यालयाच्या फाटकाला शाळेचा जुना फळा टेकवला, त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला आणि खाली लिहिलं, 'हे बरोबर आहे.' शेजारी खडूचं खोकं, खोक्याला बांधलेला एक डबा, डब्यावर चिठ्ठी: एक खडू पन्नास रुपये. मग ती पायरीवर बसून पदरानं वारा घेऊ लागली. अण्णासाहेब दाराशी उभे, पहारा करायला.

दही घेऊन घरी निघालेला गटातला नदीम मोटरसायकलवरून पुढं गेला. कोपऱ्यावर थांबला. वळून परत आला.

"ताई, हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"चुकलंय. प्रोग्रॅममधली ही फेरी एकदा सुरू झाली की थांबणारच नाही."

"थांबेल की. बरोबर आहे ते. तू जा घरी, दही आंबेल."

"अहो कशी थांबेल? द्या तो खडू."

"पन्नास रुपये."

"एका खडूचे?"

"दुकानातनं आण मग. आज बंद आहे."

नदीमनं मोटरसायकल पुढं नेली, दहा पावलांवर पुन्हा उभी केली. कपाळावरचा घाम पुसला आणि डब्यात पन्नासची नोट टाकून दोन ओळी बदलल्या. जाताना त्यानं फळ्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला: बघा ताईचं शहाणपण.

झालं! घटकाभरात चौघं आले. त्यांना राजश्रीची चूक दिसली, नदीमची तर त्याहून मोठी दिसली. नदीम दही घरी न देताच परत आला. चौघांनी काढलेले फोटो आणखी कुणाकुणाला गेले, ती मंडळी पार सांगलीहून आली. एकाची चूक दुसरा पुसायचा, दुसऱ्याची तिसरा.

"बरोबर आहे म्हणते ना, जावा घरी," राजश्री प्रत्येकाला सांगायची. एकही हलायचा नाही.

"तू बोलावलंस यांना," अण्णासाहेब म्हणाले.

"मी तर घालवायला बघते, अण्णा. तुमच्यासमोरच की."

मग ती म्हणाली, "फळा तापलाय. आत नेते." फळा व्यासपीठावर गेला आणि त्याच्यामागं भांडत भांडत सगळी मंडळी. जेवायची वेळ टळली म्हणून आया, बायका, बाप शोधायला आले. पंख्याखाली टेकले आणि कोण जिंकतंय ते बघत बसून राहिले.

दिवस कलला. अण्णासाहेब एकेका खुर्चीवर बोट ठेवत फिरले आणि पुढच्या रांगेपाशी थांबले.

"एक राहिली," ते म्हणाले. "सूर्य बाभळीला टेकलाय, राजश्री. माडी गेली."

राजश्रीनं फळ्याचा कोपरा पुसला आणि लिहिलं: मगदुमांच्या घाण्याला पहिला बैल जुंपला तो पांढरा होता. हे बरोबर आहे.

अण्णासाहेबांनी चष्मा वर सारला. "पांढरा? कोण म्हणतं पांढरा?"

"मला तरी असंच ठाऊक आहे. बरोबर आहे ते. तुम्ही जावा घरी."

"घरी काय जावा! तुझा बाप रांगत होता तेव्हा. तांबडा होता तो, तांबडा! आण तो खडू." त्यांनी खोक्यातून खडू ओढला, 'पांढरा'वर काट मारली आणि वळून सगळ्यांना सांगायला लागले. मिरजेच्या बाजारातून ते आणि वडील बैल चालवत कसे आणत होते, वाटेत ओढ्याला पाणी कसं चढलं होतं, सगळं. बोलता बोलता गुडघा ठणकला, तसे ते व्यासपीठावरून उतरून टेकले.

"आणि मग तो बैल बसला की खाली," ते म्हणाले. "ऐन ओढ्यात. उठेचना."

"बैल ओढ्यात बसला," राजश्री म्हणाली. "आणि तुम्ही कुठं बसलात, अण्णा?"

अण्णासाहेबांनी खाली बघितलं. खिडकीतून बाभळीवरचा सूर्य बघितला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि कार्यालयातली सगळीच माणसं त्यांच्याबरोबर हसली. त्यांनी कनवटीची किल्ली सोडवून राजश्रीच्या हातावर ठेवली. "घे, माडी तुमची. डबा मोज, तेवढेच माझे."

तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे दगडू शिंपी त्यांच्या कानाशी वाकले. घराला घर लागून, चाळीस वर्षांचा शेजार.

"अण्णा," ते म्हणाले, "डबा मोजायच्या आधी पन्नास रुपये टाका त्यात. खडू अजून तुमच्या हातात आहे."