देवदाराची जाग

कृतयुगात, हिमाचलाची शिखरे मानवाच्या पावलांना अजून पारखी होती तेव्हा, तिथले झाडून सारे वृक्ष हेमंताची चाहूल लागताच पाने गाळून गाढ झोपी जात आणि वसंतातच डोळे उघडत. देवदारसुद्धा! आज सांगावे तर ऐकणारा वेड्यात काढील, पण तेव्हा तसे होते खरे.

त्या वनात तुहिनाक्ष नावाचे तपोनिधी, सत्यवचनी मुनी पत्नी कुमुद्वतीसह राहत असत. एका हेमंतात कुमुद्वतीने अंथरूण धरले. सांधे सुजले, खोकल्याने श्वास छातीत मावेना. मुनींनी अश्विनीकुमारांचा धावा केला. ते देववैद्य प्रकटले आणि म्हणाले, "मुनिवर, देवदाराच्या गाभ्याचे तेल हाच यावर उपाय. मात्र वृक्षाने राजीखुशीने दिले तरच गुण टिकेल. चोरून घ्याल, तर वसंतात दुखणे उलटेल."

वनाचा नियम असा, की निजलेल्या वृक्षाला आधी मोठ्याने हाक मारून उठवायचे, मग मागायचे. नकार आला नाही तर होकार समजायचा. आश्रमाजवळच्या विशाल देवदारापाशी तुहिनाक्ष गेले. हाक ओठांवर आली आणि तिथेच थिजली. नाही म्हणाला तर? कुमुद्वती तर हातची जाईल! मग या वेदवेत्त्याने करावे काय? स्वतःच्याही कानी पडू नये इतक्या हळू ते कुजबुजले, "तरुवरा, तुझा गाभा घेऊ का?" झाड बिचारे झोपलेले, ते बोलणार काय, कपाळ! मुनींनी परशू चालवला.

तेलाने सूज ओसरली, खोकला थांबला. कुमुद्वती हिंडूफिरू लागली. "आर्यपुत्र, वृक्षाने आढेवेढे न घेता दिले ना हो?" तिने विचारले.

"काहीच म्हणाला नाही," मुनी उत्तरले.

शब्दन्शब्द खरा होता, आणि तोच त्यांचे काळीज कुरतडू लागला. तिच्या हसऱ्या मुखाकडे त्यांना बघवेना.

वसंत आला आणि कुमुद्वतीचा खोकला परतला. मुनींच्या पायांखालची जमीन सरकली. ते धावत देवदारापाशी आले, तो खोडातली वृक्षदेवता जागी होऊन जखमेवर हात दाबून उभी!

"मुने, हे कुणी केले?"

"मी, देवी. मी विचारले होते..." मुनी अडखळले. मग त्यांनी मान खाली घातली. "नाही. तू झोपेतच राहावीस अशा बेताने विचारले. मी चोर आहे. मला भस्म कर, पण तिला वाचव!"

"उठवले का नाहीस?"

"तू नकार देशील या भीतीने."

देवतेने जखमेवरचा हात बाजूला केला. "अरे वेड्या, मी हो म्हटले असते."

तुहिनाक्ष मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. शाप त्यांनी सोसला असता; हे मात्र सोसवेना.

देवता म्हणाली, "ते तेल आता मी दिले असे समज. माझ्या काष्ठाला कीड लागणार नाही, ते पाण्यात सहजी कुजणार नाही. देवालयांची द्वारे त्याची होवोत, त्याचा सुगंध यज्ञात दरवळो, तेलाने सुजलेले सांधे मोकळे होवोत. पण हिवाळ्यात पुन्हा कुणी दुखणाइतासाठी येईल. हाक मारायला तो तुझ्यासारखा भ्यायला नको. आजपासून मी झोपणार नाही."

"देवी, माझी झोप घे! तू कशाला जागतेस?"

"मागायला येणार ते माझ्याकडे, तुझ्याकडे नव्हे."

कुमुद्वती पुढे पुष्कळ वर्षे जगली. मुनींनी तिला सारे सांगितले, तिने क्षमाही केली. तरी दर हेमंतात सारे वन निजले की हिमात हिरव्यागार उभ्या त्या वृक्षाखाली तुहिनाक्ष जाऊन बसत आणि विनवत, "देवी, क्षणभर तरी डोळे मीट. मी जागा राहतो."

देवदार अजून झोपलेला नाही.