ज्याचं नुकसान, त्याला घेऊन या

एकदा एका नदीकाठच्या लहानशा गावाला सुधारण्याची घाई झाली. शेजारच्या गावाने बाजारपेठेत फरसबंदी केली आणि आपण अजून चिखल तुडवतो, हे लोकांच्या मनाला फार लागले होते. दवंडी पिटली गेली की, गावाच्या हिताची ज्याच्याजवळ काही सूचना असेल त्याने एकादशीच्या दिवशी घाटावरच्या पिंपळाच्या पारावर यावे. निर्णय मठातले वृद्ध गुरुजी देतील. गुरुजी कोणाच्या अध्यात नसत की मध्यात नसत, म्हणून ते सर्वांना चालत होते.

एकादशीला पार गच्च भरला. सूचनांना तोटा नव्हता. कोणी म्हणाला, कोपऱ्यावरचा तेलाचा घाणा हलवा म्हणजे रस्ता मोठा होईल. कोणी म्हणाला, तांबट आळीतली ठोकाठोक दुपारी बंद करा. कोणाला कुंभाराची भट्टी नको होती, कोणाला शेजाऱ्याच्या शेळ्या. गाव सुधारावे असे प्रत्येकालाच वाटत होते. सुधारणेची सुरुवात दुसऱ्याच्या दारापासून व्हावी, एवढीच ज्याची त्याची अट होती. परदुःख शीतल म्हणतात, ते काही उगीच नाही.

शेवटी गुरुजींचा शिष्य उभा राहिला. तरुण होता, अभ्यासू होता आणि गावातच वाढलेला होता. त्याची सूचना साऱ्या गावाच्या ओठांवर होती. घाटाच्या वरच्या अंगाला रंगारी आळी होती. रंगारी तिथेच कापड धूत आणि निळे-तांबडे पाणी घाटावरून वाहत जाई. शिष्याच्या आईचा रोजच्या नदीस्नानाचा नेम होता. पावसाळा संपल्यापासून तिच्या हातांची कातडी सोलून निघत होती, पोळपाट-लाटणे धरवत नव्हते. वैद्याने बोट रंगाच्या पाण्याकडे दाखवले होते. शिष्य बोलू लागला तेव्हा आईचे ते हात त्याच्या डोळ्यांपुढे होते.

"रंगारी आळी गावाबाहेर गेली पाहिजे," तो म्हणाला.

एकच गजर झाला. गावातली तरणी पोरे काठ्या घेऊनच आली होती. आदल्या दिवशी त्यांनी रंगाऱ्यांचा एक रांजण फोडला होता आणि तेव्हापासून रंगारी आपल्या आळीच्या तोंडाशी पहारा धरून बसले होते. आज निर्णय झाला की दिवस मावळायच्या आत छपरे उतरवायची, असे पोरांचे ठरले होते. पुढच्या रांगेत बसलेले आमराईवाले शेटजी मान डोलावत होते. मठाचे कोठार त्यांच्याच धान्याने भरत असे. शिष्य त्या काठ्यांकडे पाहत राहिला. आपल्या वाक्यामागून इतकी माणसे चालू लागतील, हे त्याने मनात धरले नव्हते.

गुरुजी उठले. त्यांनी आपली घोंगडी उचलली, रंगारी आळीकडे जाणाऱ्या वाटेवर आडवी अंथरली आणि तीवर बसले.

"सूचना सगळ्या ऐकल्या," ते म्हणाले. "आता ज्याने जी सूचना केली, त्याने जावं आणि तिच्यामुळे ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होईल त्याला हाताला धरून इथे आणावं. त्याला शेजारी उभं करून आपली सूचना पुन्हा सांगावी. मग मी निर्णय देईन. जो जाईल त्याने रिकाम्या हाताने जावं. काठी घेऊन ही घोंगडी कोणी ओलांडू नये."

लोकांना वाटले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण निर्णय त्याच्याच तोंडून यायचा होता. घाणा हलवू पाहणारा कुरकुरत गेला. शिष्यही निघाला.

आळीच्या तोंडाशी रंगारी कापड ढवळायचे लांब दांडे घेऊन उभे होते. शिष्य थांबला.

"कोण पाहिजे?" एकाने विचारले.

"आळी उठली तर ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होईल, ते माणूस."

"मग उभा राहा. आत्ता रांग लावतो," तो म्हणाला आणि त्याने दांडा जमिनीवर आपटला.

मागून एक म्हातारी पुढे आली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. तिने दांडा हाताने बाजूला सारला. "काल फुटला तो रांजण माझ्या सासऱ्याचा," ती म्हणाली. "मी येते. काय करायचं म्हणालास? हाताला धरून न्यायचं? मग धर."

शिष्य क्षणभर घुटमळला आणि त्या घुटमळण्याची त्याची त्यालाच लाज वाटली.

"घाबरू नको, पक्का रंग आहे," म्हातारी म्हणाली. "तुझ्या हाताला लागायचा नाही."

त्याने हात धरला. तो खरबरीत होता आणि ऊन होता. म्हातारी हळू चालत होती म्हणून त्यालाही हळू चालावे लागले. मागे रंगारी थोडे अंतर ठेवून येत होते, पुढे पाराजवळचा गलका ऐकू येत होता. मध्ये ही दोघे.

"तुमचं नाव काय, आजी?"

"सगुणा. इतकी वर्षं वाटेत दिसते तुला, आज विचारलंस."

काही वेळाने त्याला राहवले नाही. "माझ्या आईचे हात सोलून निघालेत. तुमच्या पाण्याने."

"ती काठावर बसून गवळणी म्हणते, तीच ना तुझी आई?" सगुणाबाई थांबली. "मला कधी बोलली नाही."

"बोलून काय झालं असतं? पाणी तर तुम्ही सोडणारच."

"मग कुठं सोडू? चुलीत?"

"घाटाच्या खालच्या अंगाला धुवा ना."

"खालच्या अंगाला शेटजींची आमराई. तिथं पाऊल टाकलं की राखणदार दगड मारतो. हे तुला ठाऊक नाही?"

शिष्याला ते ठाऊक होते. लहानपणी त्यानेही ते दगड खाल्ले होते. पण आळी उठवायची असे एकदा ठरल्यावर त्याने नदीच्या खालच्या अंगाकडे पाहिलेच नव्हते.

दोघे पारावर आली तेव्हा बाकीचेही परतले होते. घाण्याची सूचना करणारा एकटाच आला होता. "राहू द्या घाणा, तेल जवळ मिळतं," असे पुटपुटत तो मागे जाऊन बसला. शेळ्यांवाले दोन शेजारी मात्र बरोबर आले होते आणि अजून भांडत होते.

"बोल," गुरुजी म्हणाले.

शिष्याने तोंड उघडले. रंगारी आळी... एवढे शब्द आले आणि पुढचे येईनात. निळा हात त्याच्या हातात होता. पोरे ओरडली, "बोल की." कोणीतरी काठी आपटली.

"या सगुणाबाई," तो म्हणाला. "माझ्या आईचे हात सोलले आहेत, हे खरं आहे. आणि आळी उठली तर यांच्या चुली विझतील, हेही खरं आहे. वरच्या अंगाला कापड धुणं बंद झालं पाहिजे. पण त्याआधी खालच्या अंगाला घाट झाला पाहिजे. तो साऱ्या गावाने बांधावा."

खालच्या अंगाला काय आहे, ते सर्वांना माहीत होते. माना आपोआप शेटजींकडे वळल्या.

"सूचना बदलली," गुरुजी म्हणाले. "मग नियम पुन्हा लागू. आता कोणाचं नुकसान?"

शिष्याने शेटजींकडे पाहिले. याच माणसाच्या धान्यावर तो शिकला होता. सगुणाबाईचा हात न सोडता तो शेटजींसमोर गेला आणि त्याने दुसरा हात पुढे केला. शेटजींनी तो घेतला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"गुरुजी, हा काय पोरखेळ मांडलाय?" पोरांपैकी एक जण म्हणाला.

"सकाळपासून तुम्ही केलेल्या सूचना वाईट नव्हत्या," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण जो तो दुसऱ्याला त्याच्या माघारी हलवत होता. माघारी माणूस रांजणाएवढा दिसतो. इथून उचलला, तिथे ठेवला. हात हातात असला म्हणजे तो माणसाएवढाच दिसतो. म्हणून सूचना सोडावी लागते असं नाही. तोंडावर सांगता येईल अशी ती करावी लागते. जी तोंडावर सांगता येत नाही, ती सुधारणा नव्हे, हकालपट्टी."

शेटजी सगुणाबाईच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आमराईचा नदीकडचा बांध माझ्या वडिलांनी घातलाय," ते अखेर म्हणाले. "मला आजवर कोणी विचारलं नाही."

"आता विचारतोय," शिष्य म्हणाला.

"दोन झाडं जातील."

"हो. जातील."

"कोणती, ते मी सांगेन. उद्या सकाळी या." हात त्यांनी तेव्हाही घेतला नाहीच. पण ते उठले, वाटेतल्या पोरांना म्हणाले, "काठ्या टाका आणि उद्या कुदळी आणा," आणि घराकडे चालू लागले.

संध्याकाळी शिष्य घरी आला. आई उंबऱ्यात बसली होती. तेल लावलेले हात तिने मांडीवर उपडे ठेवले होते.

"उठवलं का त्यांना?" तिने विचारले.

"नाही." आणि हे म्हणताना त्याला कळले की, आजच्या सूचनेने नुकसान झालेले एक माणूस पारावर आणायचे राहूनच गेले होते. घाट काही चार दिवसांत होणार नव्हता. तो आईजवळ बसला. तिचा सोललेला हात त्याने जपून हातात घेतला आणि काही न लपवता सगळे सांगितले. घाट होईपर्यंत नदीस्नानाचा नेम मोडावा लागेल, विहिरीच्या पाण्यावर भागवावे लागेल, हेही सांगितले.

आईने हात सोडवून पुन्हा मांडीवर ठेवला.

"मोडीन नेम," ती म्हणाली. "पण माझ्या हातांचं गाऱ्हाणं तू गावापुढे मांडलंस. ते मांडण्याआधी मला का नाही विचारलंस? मी सकाळीच सांगितलं असतं, कोणाचं घर मोडून मला नदी नको म्हणून."

शिष्याने घागर उचलली आणि तो विहिरीकडे गेला.