मिठागरात पडलेला ढग

एकदा काय झालं, आभाळातून एक ढग खाली पडला. हसता काय? पडला म्हणजे पडलाच. आधी पांघरूण घ्या अंगावर, मग सांगते.

समुद्राकाठी एक गाव होतं. गावाचं सगळं पोट मिठावर. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी घालायच्या. आता अशा गावाला ढग कसा आवडेल? एक सर आली की वर्षाची मेहनत पाण्यात. म्हणून तिथे रीतच पडली होती. ढग दिसला की अख्खं गाव बांधावर येऊन थाळ्या बडवायचं. ढग कसला, कुठला, कोण बघतो! पिसाएवढा असो नाहीतर डोंगराएवढा, बडव थाळी. वेडेच म्हणायचे, दुसरं काय.

त्या गावात सोनकी नावाची बाई राहायची. एकटीच होती बिचारी. एका दुपारी थाळ्यांचा असा काही गजर झाला की एक भलामोठा काळा ढग डोंगरापलीकडे पळाला. मग सोनकी आपल्या वाफ्याशी आली. बघते तर काय, बांधाला टेकून एक इवलासा ढग बसलेला! कोकरासारखा थरथरत होता. हात लावला तर गार, ओला. आणि उन्हाने बारीक बारीक होत चाललेला.

लोक म्हणाले, “सोनके, फेक त्याला समुद्रात. तुझंही मीठ घालवशील आणि आमचंही.”

“लेकरू आहे हो ते,” सोनकी म्हणाली. “त्याच्या माणसांत पोचवते.”

मग तिने मिठाची टोपली घेतली. आत ओलं फडकं अंथरलं, त्यात ढगाला ठेवलं आणि डोंगराची वाट धरली. उशीर झाला तर टोपलीत नुसतं फडकंच उरणार, हे तिला कळत होतं. म्हणून बाई धावतच सुटली.

डोंगराच्या कमरेशी एक राखाडी ढग पसरला होता. ना डोकं, ना पाय, नुसता अंथरलेला. सोनकी आत शिरली तर तिला स्वतःचा हात दिसेना. सगळीकडे शांत, आणि त्या शांततेत कुणीतरी हळू श्वास घेतंय. तिने टोपली पुढे केली. “आमचं नाही,” ढग पुटपुटला. “आमची पोरं गोधडीसारखी पसरतात. हे तर डोकं वर काढतंय.”

मग ती आणखी वर गेली. तिथे पांढरे ढग होते. पिंजलेल्या कापसाचे ढीगच्या ढीग, आणि उन्हात असे चमकत होते की डोळे दिपावेत. सोनकी बघतच राहिली. खालून आपण ज्यांच्यावर ओरडतो ते इतके सुंदर असतात? त्यांनी लेकराला उचलून पाहिलं. “दिसतं आमच्यासारखं. पण आम्ही हलके, बाई. याच्या पोटात केवढं पाणी आहे!”

मग सोनकी शिखरावर पोचली. लेकरू आता मूठभर उरलं होतं. तिला रडूच फुटलं. वर, खूप खूप वर, पिसांसारखे ढग होते, जणू कुणी आभाळ विंचरून ठेवलंय. तिथून बारीक आवाज आला, “आमच्यात पाणी नाही, नुसता बर्फाचा चुरा आहे. पण इथून सगळं दिसतं. डोंगरापलीकडे वळून बघ.”

सोनकी वळली. आणि बरं का, डोंगरापलीकडे तोच काळा ढग उभा होता. बूड सपाट, काळंभोर. तिथून तो वर चढत गेला होता, वर, आणखी वर, आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा. पोटात विजा फिरत होत्या. ती आई होती. थाळ्यांना दचकून लेकरू तिच्या पदरातून निसटलं होतं. शोधायला वळावं तर पुन्हा थाळ्या.

“घे ग आई,” सोनकी म्हणाली. “आमचंच चुकलं.”

अख्खं आभाळ वाकलं. आईने लेकराला उचललं, आणि ते बघता बघता फुगून टम्म झालं. आईला उमाळा आला. आता कोसळणार! सोनकीने हात जोडले. “इथे नको ग. खाली माझ्या माणसांचं मीठ उघड्यावर आहे.”

ढग लेकराला घेऊन गावाकडे निघाला. लोकांनी थाळ्या उचलल्या. सोनकी वरून जीव खाऊन ओरडली, “वाजवू नका! लेकरू आहे तिच्याजवळ!” मग सगळ्यांनी पहिल्यांदा नीट वर पाहिलं. मोठ्या ढगाला बिलगलेला छोटा ढग दिसला, आणि हात जिथल्या तिथे थांबले.

ती सावली गावावरून गेली. सगळं मीठ निळं झालं. कुणी श्वास घेतला नाही. सगळा पाऊस त्या आईने पोटात धरून ठेवला, आणि दूर खोल समुद्रावर गेल्यावर मोकळी झाली. एवढी मोठी, विजांची, पण शब्द दिलेला नसतानाही तिने तो पाळला.

जाताना शिखरावर मात्र एकच थेंब पडला होता, सोनकीच्या ओठांवर. आजवर तिच्या ओठांवर पडलं ते पाणी घामाचं, समुद्राचं, नाहीतर डोळ्यांचं. सगळं खारट. हे गोड होतं रे, गोड.

मीठ राहिलं, लेकरू घरी गेलं, गाव सुखात नांदलं. चला, आता तुम्हीही शिरा आपापल्या आईच्या कुशीत.