झाकण नसलेला टोप

त्या खांबाला ठोकलेलं पितळी झाकण बघताय ना? खुशाल बघा, पण हात लावू नका. नवीन माणूस आला की त्याचा हात आधी तिकडेच जातो. आंबेतळला घाट चढण्यापूर्वी जो कोणी थांबतो, तो अणावकरांच्या या हॉटेलात काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खातो, आणि खाता खाता हमखास विचारतो की उसळीचा टोप चुलीवर असा उघडा का, आणि झाकण आहे तर ते खांबावर कशाला. बाकडी तीच, ताटल्या त्याच, उसळही तीच. माझ्या आजोबांनी खाल्ली, मी खातो. नोकरीतून सुटल्यापासून माझी दुपार याच बाकड्यावर जाते, म्हणून पाहुण्यांना सांगायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तर खात खात ऐका. मध्ये बोलू नका, मला मग सुरुवातीपासून सांगावं लागतं.

गाडीरस्ता व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा घाटावरचा माल डोक्यावरून यायचा-जायचा. इथून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची, वरून गूळ आणि तांदूळ खाली यायचा. ओझेवाले पहाटे निघत, निघताना इथे उसळ-पाव खात, आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटाला दुसरा आधार नसे. हॉटेल तेव्हा नारबाशेट अणावकरांचं होतं. माणूस गोड बोलणारा, देवधर्म करणारा. पण जिभेपुढे त्याचं काही चालत नसे. सकाळपासून आटत आलेली टोपाच्या तळाची उसळ, घट्ट, मसाल्याने काळी पडलेली, ती त्याला स्वतःला लागायची. म्हणून टोप तळाशी आला की नारबाशेट उठायचा, हे झाकण टोपावर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "संपली." गिऱ्हाईक निघून जायचं. मग शेट पाट मांडून बसायचे.

चुलीशी असायची त्याची सून, द्वारकी. तिला हे रोज दिसत होतं. सासरा खोटं बोलतोय हे कळत होतं. पण सासऱ्यासमोर मान वर करून बघायचीही पद्धत नव्हती, तिथे बोलणार काय? ती पळी धुवायची आणि गप्प राहायची.

एका आषाढात, पाऊस धो धो कोसळत असताना, धाकू नावाचा ओझेवाला मागे राहिला. पायाला जखम होती म्हणून लंगडत होता, बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. मिठाचं ओझं त्याने बाहेर ओट्यावर टेकवलं, घोंगडीची खोळ डोक्यावर तशीच ठेवून दारात उभा राहिला आणि विचारलं, "उसळ आहे?"

नारबाशेटचा हात झाकणावरच होता. "संपली," तो म्हणाला.

द्वारकी टोपाजवळच उभी होती. टोपात दोन-तीन माणसांपुरती उसळ होती. धाकूने शेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. "असू दे," असं म्हणून तो ओझं उचलून घाटाला लागला.

तो वर पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी ओझेवाल्यांना घाटातल्या तिसऱ्या वळणावर, ओझं टेकवायच्या धोंड्यावर, त्याचं पोतं सापडलं. मीठ विरघळून धोंडा पांढरा झाला होता. माणूस कुठेच नव्हता. खाली दरीत हाका मारल्या, दोर सोडले, काही नाही. उपाशीपोटी भोवळ आली असेल, असं लोक म्हणाले. नारबाशेटही म्हणाला, वाईट झालं. आणि त्या दुपारीही टोप तळाशी आल्यावर त्याने झाकण ठेवलं.

द्वारकीच्या घशाखाली मात्र घास उतरेना. एक पळी उसळ ताटलीत घातली असती तर काय झालं असतं, हा एकच विचार. नवऱ्याला सांगावं, तर तो वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता. तिने कोणालाच सांगितलं नाही.

मग श्रावण आला. तुम्ही आमच्याकडचं श्रावणातलं धुकं पाहिलेलं नाही. पाऊस थांबतो आणि घाटातून धुकं उतरतं, भरदिवसा समोरचं घर दिसेनासं होतं. अशाच एका दुपारी द्वारकीचा नवरा तांदूळ आणायला घाटावर गेला होता. हॉटेलात चार गिऱ्हाइकं होती. द्वारकीची मुलगी शेवंती, नुकती नीट बोलायला लागलेली, चुलीपाशी वाटाण्यांशी खेळत होती. दार उघडंच होतं. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं, आणि म्हणे, त्या दिवशी ते उंबऱ्यावर थांबलं नाही. ते आत आलं.

त्याच्या मागोमाग घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस आत आला आणि त्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसला. तोंड खोळीत होतं. अंगावरून पाणी ठिबकत होतं.

"उसळ आहे?" त्याने विचारलं.

आवाज धाकूचा होता, द्वारकीने लगेच ओळखला. तिने ताटली भरली, पाव ठेवले आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवली. तेव्हा तिला दिसलं की त्याच्या अंगावरचं पाणी जिथे पडत होतं, तिथे वाळून पांढरं होत होतं. मीठ.

ती वळून चुलीपर्यंत यायच्या आत ताटली रिकामी झाली होती. धुतल्यासारखी स्वच्छ. तिने पुन्हा वाढलं. पुन्हा तेच. खाताना त्याच्या तोंडाचा आवाज येत नव्हता, पाव मोडल्याचाही नाही. शेजारचं गिऱ्हाईक अर्धी ताटली तशीच टाकून उठलं. त्याच्या मागून दुसरं गेलं, मग उरलेले दोघेही गेले. हॉटेलात राहिले ते घरचे तिघं, नारबाशेट, द्वारकी आणि पोर, आणि तो. द्वारकी वाढत राहिली. भीतीने तिला रडू येत होतं, पण थांबायचीही भीती वाटत होती. जोवर वाढते आहे तोवर तो काही करणार नाही, असं तिला वाटत होतं.

टोप तळाशी आला. आणि आता ऐका, माणसाचं काय असतं ते. समोर काय बसलंय हे नारबाशेटला कळलं नव्हतं असं नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते, जानवं मुठीत धरलेलं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय. टोप तळाशी आलेला दिसला आणि तो उठला, झाकण टोपावर ठेवलं आणि म्हणाला, "संपली."

खोळ हळूच त्याच्याकडे वळली. "संपली?"

"संपली."

तो उठला नाही. नुसता बाकड्यावर थोडा सरकला, शेजारी कोणाला तरी जागा करून दिल्यासारखा. आणि चुलीपाशी खेळणारी शेवंती वाटाणे टाकून उठली, चालत गेली आणि त्या जागेवर जाऊन बसली.

द्वारकीने हाक मारली. पोर वळली नाही. पुन्हा हाक मारली. पोरीचे केस कोरडे होते, त्यांतून पाणी ठिबकायला लागलं. बघता बघता परकर भिजला. बाकडं तिच्या खालीही पांढरं व्हायला लागलं. हाताचे तळवे पांढरे झाले. ओठांचा रंग उडाला. आणि शेवंती आषाढात दारात उभ्या राहिलेल्या धाकूच्या आवाजात म्हणाली, "असू दे."

असं सांगतात, की द्वारकीला तेव्हा काय करायचं ते कळलं, आणि कळलं म्हणून ती जास्त घाबरली. भूत समोर बसलं होतं, त्याची भीती होतीच. पण सासऱ्याचा हात झाकणावर होता, आणि जन्मात तिने त्या हाताला हात लावलेला नव्हता. तिचे पाय जागचे हलेनात. आईचे पाय, पोर डोळ्यांदेखत चाललेली, आणि पाय हलेनात. याची लाज तिला मरेपर्यंत वाटली, असं ती स्वतः आपल्या सुनांना सांगायची.

मग ती हलली. तिने झाकण धरलं. नारबाशेटने तिचं मनगट पकडलं. "सूनबाई, सोड," तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्याला काय माहीत आत काय आहे."

"मला माहीत आहे," द्वारकी म्हणाली.

तिने झाकण ओढलं. ते खाली पडलं, त्याला तो पोचा आला बघा, कडेला. तिने अख्खा टोप फडक्यात धरून उचलला, कोपऱ्यात नेला आणि त्याच्यासमोर आडवा केला, आतलं सगळं दिसेल असा. "आहे," ती म्हणाली. "त्या दिवशीही होती. मी बघत होते आणि बोलले नाही. माझ्या पोरीला त्यात घेऊ नका."

खोळ टोपावर वाकली. बराच वेळ तो आत बघत राहिला. मग त्याने पावाचा एक तुकडा मोडला, तो मोडल्याचा आवाज आला, टोपाच्या तळाशी फिरवला आणि तोंडात घातला. एकच घास. चावून चावून खाल्ला, भुकेला माणूस खातो तसा.

"होती की," तो म्हणाला.

बस, एवढंच. रागाने म्हणाला नाही, कळवळूनही नाही. उठला, आणि जाताना नारबाशेटसमोर थोडा थांबला. मग दारातून गेला आणि धुकंही त्याच्याबरोबर बाहेर गेलं. शेवंती मोठ्याने रडायला लागली, तेव्हा द्वारकीच्या जिवात जीव आला. पोरीचे हात तिने पदराने पुसले. तळव्यांवरचं मीठ निघता निघेना.

टोपात उसळ शिल्लक होती. ती मग कोणीच खाल्ली नाही.

नारबाशेटचं पुढे काय झालं ते सांगायला मला आवडत नाही, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही विचाराल. त्याचं पोट भरेनासं झालं. जेवायला बसला की पानातलं संपायच्या आत विचारायचा, "अजून आहे?" आहे म्हटलं तरी विश्वास बसायचा नाही. भांडी उघडून बघायचा, भरलेली असली तरी त्याला रिकामी दिसायची. चांगला भरलेला माणूस, हाडं वर आली. पुढच्या श्रावणात एका धुक्याच्या दुपारी तो हातात ताटली घेऊन घाटाकडे चालत गेला. ताटली त्या तिसऱ्या वळणावरच्या धोंड्यावर सापडली.

द्वारकीने तेव्हा हे झाकण खांबाला ठोकलं, आणि घराला नेम घालून दिला. टोपावर झाकण नाही. घरातल्यांसाठी टोपातून आधी काढून ठेवायचं नाही, घरचे सगळ्यात शेवटी खातील, उरली तर. आणि उसळ खरोखर संपली, की नुसतं तोंडाने सांगायचं नाही, टोप आडवा करून गिऱ्हाइकाला तळ दाखवायचा. सगळ्यांना दाखवून झाला की शेवटी एकदा दाराकडे.

यावर हसणारे पुष्कळ येतात. मीही तरुणपणी हसायचो. पण गेल्या श्रावणात मी याच बाकड्यावर होतो. आत्ताची ही रोहिणी, अणावकरांच्या आजच्या पिढीची सून, तिचा मुलगा तापातून उठला होता, त्याला उसळ हवी होती. तिने वाटीभर काढून आत फडताळात ठेवली. आई होती, ठेवली. मग टोप संपला, तिने आम्हाला तळ दाखवला आणि दाराकडे वळवला. "संपली," म्हणाली. बाहेर धुकं होतं, माणूस कोणी नव्हता. पण धुकं उंबऱ्यावरून आत सरकलं. कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या बाकड्यावरून पाणी ठिबकायला लागलं, आणि आत झोपलेला तिचा मुलगा झोपेतच म्हणाला, "असू दे."

रोहिणी कशी धावली ते मी पाहिलं. वाटी आणली, दारात ठेवली, म्हणाली, "आहे. चुकले मी." धुकं गेलं. वाटीत बोटाने एक घास काढल्याएवढी जागा झाली होती. तेव्हापासून मी हसत नाही.

आजही पावसाळ्यात ते कोपऱ्यातलं बाकडं पांढरं होतं. कितीही घासा, दुसऱ्या दिवशी हात फिरवून जिभेला लावा, खारट. आजही झाकण खांबावर आणि टोप उघडा. आणि ती बघा, रोहिणीने फडकं घेतलं. म्हणजे टोप संपला. आता आधी आपल्याला दाखवेल, मग दाराकडे वळेल. बाहेर धुकं उतरलंय, तुमच्या लक्षात आलं नसेल.

ताई, तुमच्या ताटलीत दोन घास राहिलेत. बाजूला सारून ठेवलेत ते, पावाखाली. खाऊन टाका, मागे ठेवलेली उसळ कोणाची ते तो विचारत नाही. ती दाराकडे वळायच्या आत खा.