न हलणारी रेघ

“...मग चूक कुणाची, सर? माझ्या डबीची, की त्या बाईच्या रक्ताची?”

महाराज पावटे सोलत होते. सोलतच राहिले.

वारणाकाठच्या त्या मठीत येण्याआधी ते रक्ताचे डॉक्टर होते, कॉलेजात शिकवायचे. गाव त्यांना महाराज म्हणे. आदिनाथच्या तोंडात मात्र अजून ‘सर’च बसलेलं. तो त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट त्याला दुसऱ्या कुणी सांगावी लागत नसे.

आदिनाथने एक बायोसेन्सर बनवला होता. तळहाताएवढी डबी. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा. रक्ताच्या कॅन्सरची अगदी पहिली खूण असली, तरी पडद्यावरची रेघ वर चढायची. सोमवारपासून अशा डब्या गावोगाव निघणार होत्या.

आणि नेमकी आताच माशी शिंकली. शेवंताबाई नावाच्या बाईला डबीने ‘ठीक’ म्हटलं. इस्पितळाने तिच्या हाडातली मज्जा तपासली आणि आजार आहे म्हणून सांगितलं. कोवळा, पण आजारच.

“इस्पितळच चुकलं असणार,” आदिनाथ म्हणाला. “तुम्ही आशीर्वाद द्या, मी डब्या पाठवतो.”

“निरोगी रक्त कोणतं, हे तुझ्या डबीला कसं कळतं रे?”

“आधी दाखवावं लागतं. निरोगी माणसाचा थेंब घालायचा. ते शून्य. त्याच्या वर गेलं की आजार.”

“कुणाचा थेंब?”

“माझा.”

“दर वेळी?”

“दर वेळी. प्रयोगशाळेतल्या लोकांचं तुम्हाला ठाऊक नाही, सर. एक सिगरेट ओढतो, एकीला बारमाही सर्दी. मी पहाटे पोहतो. चहासुद्धा घेत नाही. माझ्याहून स्वच्छ रक्त आणायचं कुठून?”

“बरोबर आहे,” महाराज म्हणाले. एक किडका पावटा त्यांनी बाजूला टाकला. “आणि तुझं रक्त तपासलंस?”

“नेहमीच! रेघ कधी हलत नाही.”

“कशी हलेल?”

आदिनाथ बोलायला गेला...

...आणि थांबला. “शून्यच माझ्या रक्ताचं आहे,” तो म्हणाला.

महाराजांनी हात कफनीला पुसले आणि बोट पुढे केलं. “घे.”

“सर, पण तुमचं वय... तुमचा मधुमेह...”

“गोदाक्का!” महाराजांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली.

मठीतला स्वयंपाक बघणाऱ्या गोदाक्का पदर खोचत बाहेर आल्या.

“बोट द्या याला.”

“माझं? अवो म्हाराज, मी तंबाखू खाती की!”

“म्हणून तर द्या. एकट्याच्या रक्तावर शून्य बसवायचं नाही.”

गोदाक्कांनी तोंड वाकडं करून बोट दिलं. मग महाराजांनी आणि घाटावरच्या होडीवाल्याने दिलं. दर्शनाला आलेल्या बायकांनी हसत, एकमेकींना ढकलत दिलं. सगळ्यांचे थेंब मिळून डबीत नवं शून्य बसलं. त्या शून्यावर आदिनाथने डबीत साठवलेले शेवंताबाईचे आकडे ताडून पाहिले.

रेघ वर चढली.

मग त्याने स्वतःचं बोट टोचलं. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवावी एवढंही त्याला सुचलं नाही.

रेघ हलली. थोडीच. पण वर.

“किती आहे?” महाराजांनी विचारलं.

“अगदी सुरुवात दिसतेय. उद्या मज्जा तपासून घेतो.” आदिनाथने पट्टी काढून ठेवली. “या टप्प्यावर सापडलं तर बहुतेक आटोक्यात येतं.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच शिकवलंत, सर.”

दोघेही हसले. आदिनाथचे डोळे भरून आले होते, तरी त्याला हलकं वाटत होतं. डबी चुकली नव्हती, शून्य चुकलं होतं. शेवंताबाईला वेळेत कळलं होतं. त्यालाही.

गोदाक्कांनी चहा आणून ठेवला. आदिनाथने मुकाट्याने कप उचलला आणि बशीत ओतून प्यायला.

“डब्या सोमवारी नाही निघायच्या,” तो म्हणाला. “सगळ्या डब्यांचं शून्य नव्याने बसवायला हवं.”

महाराजांनी मान हलवली.

निघताना तो पायाशी वाकला. “आशीर्वाद मात्र राहिला, सर.”

“दिला की रे,” महाराज पावटे पुढे ओढत म्हणाले. “रेघ हलली ना?”