चिंचोक्यांनी ठरवलेली पायरी

डोंगरउतारावर वसलेल्या एका नगरीत एक विणकरीण राहत होती. एका वर्षी पावसाने दडी मारली आणि नगरीत पाण्याचा एकच झरा उरला, तोही डोंगरमाथ्यावर. पाणी आधी कोणी भरायचं यावरून रोज भांडणं होऊ लागली. तेव्हा प्रधानाने राजाला एक तोड सुचवली.

प्रत्येक घराला सारखेच ओंजळभर चिंचोके द्यायचे. दिवसभर लोकांनी एकमेकांशी कवडी उडवायची, उताणी पडते की पालथी यावर हारजीत. हरेल त्याने जिंकणाऱ्याला एक चिंचोका द्यायचा. संध्याकाळी ज्याच्याजवळ जितके चिंचोके, झऱ्याकडे जाणाऱ्या तितक्या पायऱ्या त्याने चढायच्या. ज्याची ओंजळ रिकामी, तो पायथ्याशी. पाणी आधी वरच्यांनी भरायचं, उरेल ते खालच्यांनी. आणि मिळाली ती जागा उन्हाळाभर.

संध्याकाळी पायथ्याशी ही गर्दी झाली. वर जावं तशी माणसं विरळ होत गेली. माथ्यावर उभी होती एकटी विणकरीण. तिचा हंडा काठोकाठ भरला. पायथ्याच्या वाट्याला नुसता गाळ आला. तिथे तिची शेजारीण, कुंभारीण, तापाने फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती.

प्रधानाने सगळ्यांना ऐकवलं, की वर पोचलेली माणसं गुणी आणि खाली राहिलेली आळशी. ती तहानेली राहिली तर दोष त्यांचाच. वरच्या पायऱ्यांवरच्यांनी माना डोलावल्या.

विणकरणीच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने केलं काय होतं? कवडी उडवली होती. कुंभारणीनेही तेच केलं होतं. ती तरातरा खाली उतरली, हंडा कुंभारणीपुढे ठेवला आणि राजाला म्हणाली, की डाव पुन्हा मांडा.

प्रधान तिच्या कानाशी लागला. "बाई, गप्प राहा. रोजचं पहिलं पाणी तुझंच आहे."

"ते माझ्या घशाखाली उतरत नाही, प्रधानजी."

दुसऱ्या दिवशी राजाने दुप्पट चिंचोके वाटले. आता कोणी खाली राहणार नाही, असं त्याला वाटलं. काही माणसं आणखी वर चढली खरी, पण सगळ्यांत जास्त गर्दी पायथ्याशीच, आणि माथ्यावर पुन्हा एकच जण. फक्त चेहरे बदलले होते. काल पायथ्याशी बसलेला गुराखी माथ्यावर होता, आणि विणकरीण रिकाम्या हाताने पायथ्याशी.

प्रधान लगेच गुराख्याचे गुण गाऊ लागला.

"महाराज," विणकरीण खालून म्हणाली, "काल हा आळशी होता आणि मी गुणी. एका रात्रीत आमच्यात काय बदललं? माणसं बदलली, पण गर्दी तिथल्या तिथेच. ती गर्दी तुमच्या डावाने होते, आमच्या आळसाने नव्हे."

राजाने प्रधानाला फर्मावलं, की उद्या तूही खेळायला बस. प्रधान मागे सरकला आणि गुडघे दुखतात म्हणाला. हा डाव गुणांचा नाही, नशिबाचा आहे, हे प्रधानालाही ठाऊक असल्याचं राजा समजला. त्याने चिंचोके फेकून दिले, घरटी सारखं पाणी ठरवलं, आजाऱ्यांना आधी. पायथ्याला पाणी पोचवायचं काम प्रधानाच्या खांद्यावर आलं.

लोक विणकरणीचं कौतुक करायला जमले. ती अजून धुमसतच होती.

"काल वरून माना कोण डोलावत होतं?" तिने विचारलं.



तात्पर्य: ज्या डावात बहुतेकांनी खालीच राहायचं ठरलेलं असतं, त्यात वरच्याला गुणी आणि खालच्याला नालायक म्हणू नये; आणि हे बोलायची पहिली जबाबदारी वर उभ्या असलेल्याची.